मराठीतला न हलणारा डोंगर

माझ्याकडे ट्रेकच्या नोंदींची एक जुनी वही आहे. कॉलेज सुटल्यावरची पाच-सहा वर्षं मी ती इमानेइतबारे भरली. त्यात इर्शाळगडाचं एक पान आहे. चौकला एसटीनं उतरलो, मोरबे धरणाचं पाणी कसं दिसलं, नेढ्यात बसल्यावर वारा कसा अंगावर आला, वरून प्रबळगड आणि माथेरान कसे ओळखले, हे सगळं त्यात आहे. शेवटच्या टप्प्यातल्या कातळाबद्दल तर दीड पान आहे, आणि त्यात माझं कौतुकही बरंच आहे. वाटेतल्या वाडीबद्दल एक ओळ आहे: ‘पायथ्याच्या वाडीत चहा घेतला, माणसं साधी, प्रेमळ.’

१९ जुलै २०२३ च्या रात्री त्या वाडीवर डोंगराचा एक भाग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती वही शोधली. वाडीतली घरं डोंगराच्या किती जवळ होती, मागे उतार कसा होता, वर माती होती की उघडा खडक, पाणी कुठून भरत होते, यांतलं काहीही माझ्या पानावर नव्हतं. मी तिथे दोन तास थांबलो होतो. चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, हेसुद्धा मी लिहिलेलं नाही. ते आठवणीत आहे, वहीत नाही.

हा दोष एकट्या माझ्या वहीचा असता तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. पण गेली काही वर्षं मी दरडींबद्दलचं मराठी लेखन मुद्दाम वाचतो आहे. बातम्या, अग्रलेख, दुर्गभ्रमंतीची पुस्तकं, ज्यांत डोंगर हेच मुख्य पात्र आहे अशा कादंबऱ्या, आणि मधूनमधून सरकारी कागद. हे वाचताना माझं मत असं होत गेलं की मराठीतला डोंगर हलत नाही. आपल्याकडे तो उभा असतो, साक्षीला असतो, पाठीशी असतो, फार तर धुक्यात हरवतो. त्यामुळे तो खरोखरच हलतो तेव्हा आपल्याजवळ त्याच्यासाठी एकच क्रियापद उरतं: कोसळणे.

सुरुवात बातम्यांपासून करतो, कारण बहुतेक मराठी वाचकांची दरडीशी गाठ तिथेच पडते. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं, २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळीये गेलं, मग इर्शाळवाडी. तिन्ही वेळची वर्तमानपत्रं शेजारी ठेवून वाचली तर गावाचं नाव झाकल्यावर कोणती बातमी कुठली हे सांगता येणार नाही. क्षणात होत्याचं नव्हतं झालं. गाढ झोपेतच काळानं घाला घातला. निसर्गाचा कोप झाला. आणि यांतलं सगळ्यात विलक्षण वाक्य, जे मी तिन्ही घटनांच्या बातम्यांमध्ये वाचलं आहे: कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला. ज्या घरावर खराखुरा डोंगर येऊन पडला आहे, त्याच्याबद्दल हे लिहिताना बातमीदाराचा हात थांबत नाही आणि उपसंपादकाच्याही लक्षात येत नाही. मी हे टिंगल म्हणून सांगत नाही. रात्री दोन वाजता पान लावणाऱ्या माणसाकडे तयार शब्दच असतात. पण रूपक इतकं झिजलं आहे की खऱ्या वस्तूच्या शेजारी ठेवलं तरी ते खटकत नाही. डोंगर हा शब्द आपण दुःखाला, कर्जाला आणि कामाच्या ढिगाऱ्याला इतका वापरला की डोंगरासाठी तो फारसा शिल्लकच राहिला नाही.

‘क्षणात’ हा शब्दही तपासून पाहण्यासारखा आहे. उतार खचतो तो क्षणात, हे खरं. पण त्याच्याआधी बरंच काही झालेलं असतं. वरच्या अंगाला जमिनीत भेग पडते आणि त्या भेगेत पावसाचं पाणी शिरत राहतं. झाडं तिरकी होतात. भिंतीला तडा जातो, दाराची चौकट धरते आणि दार लागेनासं होतं. झऱ्याचं पाणी अचानक वाढतं, आटतं किंवा गढूळ येऊ लागतं. दरवेळी सगळं दिसेलच असं नाही, आणि मुसळधार पावसाच्या रात्री कोणी भेगा बघत फिरत नाही. तरीही ‘क्षणात’ म्हटलं की हा सगळा आधीचा काळ गोष्टीतून बाहेर पडतो. गोष्ट कोसळण्यापासून सुरू होते, मदतकार्यापाशी येते आणि मंत्र्यांच्या भेटीपाशी संपते.

इर्शाळवाडीच्या बातम्यांतला आणखी एक शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं ‘बेपत्ता’ होती. बेपत्ता म्हणजे ज्याचा पत्ता लागत नाही तो. या ५७ जणांचा पत्ता सगळ्यांना ठाऊक होता. अमक्याचं घर, तमक्याचा गोठा, कोण कुठल्या भिंतीपाशी झोपत होतं, हे वाचलेले नातेवाईक बोट दाखवून सांगत होते. वाडीला गाडीरस्ता नव्हता. जेसीबी चढू शकले नाहीत, हवेमुळे हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही, माणसांनी हातांनी आणि फावड्यांनी उकरलं. कायद्याला आणि कागदाला ‘बेपत्ता’ हा शब्द लागतो, हे मला कळतं. पण लेखकाला, किमान अग्रलेख लिहिणाऱ्याला, तो जसाच्या तसा उचलायची गरज नव्हती.

आता ‘दरड’ या शब्दाकडे येतो. दरड म्हणजे मुळात उभा तुटलेला काठ, नदीचा किंवा डोंगराचा. घाटातल्या रस्त्यावर कातळ सुटून येतो त्याला ‘दरड कोसळली’ म्हणणं अगदी नेमकं आहे. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ कोकण रेल्वेची गाडी रुळांवर आलेल्या दगडांना धडकून पन्नासच्या वर माणसं गेली, ती दरड होती. २०१५ च्या पावसाळ्यात द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्यापाशी मोटारींवर दगड आले, तीही दरड. पण माळीणला जे झालं ते वेगळं होतं. तिथे डोंगराच्या अंगावर साचलेली माती पाण्यानं इतकी भरली की ती माती राहिली नाही. कणांच्या मधल्या फटींत पाणी भरतं, ते कणांना एकमेकांपासून उचलून धरतं, एकमेकांना धरून ठेवणारं घर्षण संपतं, आणि मग तो सगळा उतार झाडं, धोंडे, बांध घेऊन खीर सांडावी तसा वाहत खाली येतो. तो कोसळत नाही, वाहतो. वरून पडणाऱ्या दगडापासून माणूस बाजूला पळू शकेल, निदान तशी कल्पना करता येते. वाहत्या डोंगरापासून पळायचं कुठे?

मल्याळम भाषेत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत आणि ते रोजच्या बोलण्यातले आहेत. माती ढासळली की ‘मण्णिडिच्चिल’. डोंगर फुटून चिखल-धोंड्यांचा लोंढा खाली गडगडत आला की ‘उरुळ्पोट्टल’. पहिल्या शब्दात माती आहे, दुसऱ्यात गडगडणं आणि फुटणं. ३० जुलै २०२४ ला, माळीणला बरोबर दहा वर्षं झाली त्या तारखेला, वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला गाडले गेले तेव्हा मल्याळी वाहिन्यांवर पहिल्या मिनिटापासून ‘उरुळ्पोट्टल’ होतं. मराठी वाहिन्यांवर तीच घटना ‘दरड कोसळली’ किंवा ‘भूस्खलन’ झाली. भूस्खलन हा शब्द संस्कृतातून आला, वर्तमानपत्रांत रुळला आणि तिथेच राहिला. कुठल्याही वाडीतली बाई ‘आमच्याकडे भूस्खलन झालं’ म्हणत नाही. ती म्हणते डोंगर आला, डोंगर फुटला, जमीन खचली. तिचे शब्द जास्त बरोबर आहेत, पण ते छापताना आपण ते दुरुस्त करतो.

हा शब्दच्छल वाटत असेल तर उपायांकडे बघा. ‘दरड’ म्हटलं की जाळ्या आठवतात. घाटात कातळाला लोखंडी जाळ्या बांधलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत आणि सुट्या दगडांना त्या अडवतात. वाहत्या मातीला जाळीचा काहीही उपयोग नाही. तिथे काम असतं ते पाण्याचं: वरच्या अंगाला चर खणून पाणी बाजूला काढणं, उताराचा पायथा न कापणं, पाऊस एका मर्यादेच्या वर गेला की माणसं हलवणं. शब्दानं धोंडा डोळ्यांपुढे उभा केला की निधीही धोंड्यावर खर्च होतो.

साहित्याकडे येताना मी जरा बिचकतो, कारण ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे त्या लेखकाच्या पुस्तकांनीच मला डोंगरात नेलं. गो. नी. दांडेकरांइतका सह्याद्री मराठीत दुसऱ्या कोणी चाललेला आणि लिहिलेला नाही. ‘माचीवरला बुधा’ मी शाळेत असताना वाचली. मुंबई सोडून राजमाचीच्या माचीवर परत येणारा म्हातारा आणि भोवती झाडं, पाखरं, पाणी, एकांत. मराठीत ‘माची’ या शब्दाला जो एक शांत, निवांत अर्थ आला आहे, त्याचं मोठं श्रेय या छोट्या कादंबरीला आहे.

पण माची म्हणजे काय? सह्याद्री लाव्ह्याच्या आडव्या थरांचा बनलेला आहे. एक थर घट्ट काळ्या पाषाणाचा, दुसरा सच्छिद्र आणि लवकर झिजणारा, मधे कुठे लालसर भुसभुशीत मातीचा पट्टा. घट्ट थर कडा होऊन उभा राहतो आणि मऊ थर झिजून मागे सरकतो, त्यामुळे डोंगराला पायऱ्या पडतात. यांतली रुंद पायरी म्हणजे माची. वरच्या कड्यावरून शतकानुशतकं झडलेली माती तिथे साचते म्हणून तिथे शेत होतं. वरून मुरलेलं पाणी खालच्या घट्ट थरावर अडतं आणि बाजूनं फुटतं, म्हणून तिथे झरा असतो. सपाटी, माती आणि पाणी एकत्र मिळण्याची डोंगरातली ही एकच जागा, म्हणून वाडी तिथे वसते. आणि पाऊस थांबेनासा झाला की तीच साचलेली माती, त्याच अडलेल्या पाण्यानं, त्याच घट्ट थरावरून घसरू शकते. वाडीला जगवणाऱ्या गोष्टी आणि तिला पुरणाऱ्या गोष्टी वेगळ्या नाहीत.

दांडेकरांनी ही माची इतकी बारकाईनं पाहिली की झरा, माती आणि वरचा कडा हे सगळं त्यांच्या पानांवर आहे. नाही ती त्यांच्यातली हालचाल. बुधाचं माचीवर परतणं हे आईच्या कुशीत परतणं आहे, आणि कुशीतल्या लेकराला आईच्या अंगाखाली सापडण्याची भीती नसते. १९५०च्या दशकात ही कादंबरी लिहिणाऱ्या लेखकाला आजच्या पावसाबद्दल जाब विचारणं बावळटपणाचं होईल, आणि मी तो विचारत नाही. माझी तक्रार त्यांच्या नंतरच्या आपल्याबद्दल आहे. आम्ही दुर्गप्रेमींनी त्यांची दृष्टी जशीच्या तशी उचलली आणि त्यातलं निरीक्षण गाळून नुसती भक्ती ठेवली. त्यांची माणसं माचीवर राहतात, आमच्या ट्रेकच्या वर्णनांत ती चहा देतात.

‘जैत रे जैत’चं उदाहरण याहून गुंतागुंतीचं आहे आणि म्हणूनच मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. ही कादंबरी आणि जब्बार पटेलांचा १९७७ चा चित्रपट, दोन्ही ठाकरांबद्दल आहेत. इर्शाळवाडीही ठाकरांचीच. म्हणजे ज्या समाजाची वस्ती डोंगराखाली गेली, त्या समाजाच्या आणि डोंगराच्या नात्याबद्दलची मराठीतली सगळ्यांत गाजलेली कलाकृती आपल्याकडे आधीपासून आहे. भगताचा मुलगा नाग्या, त्याचा ढोल, लिंगोबाचा डोंगर, कड्यावरची आग्या मोहोळं. राणीमाशी नाग्याचा डोळा घेते. जो पुण्यवंत व्हायला निघाला होता त्याचं पुण्य असं फळाला येतं, आणि तो माशीवर सूड घ्यायला कड्यावर चढतो. चिंधी त्याच्याबरोबर उभी राहते आणि शेवटी जीव गमावते.

हा चित्रपट पुन्हा पाहिला तेव्हा मला जाणवलं की तो डोंगराला निष्पाप मानत नाही. देवाच्या डोंगरावर भाबडा विश्वास ठेवणाऱ्या माणसाला तिथेच इजा होते, हा त्याचा गाभा आहे. मराठी लेखकांत हे धाडस क्वचित दिसतं. पण इजा करते ती माशी. माशीला शत्रू मानता येतं, तिच्यावर चाल करून जाता येतं, तिला जिंकता येतं. लिंगोबा स्वतः मात्र तसाच उभा राहतो. नाग्याचा झगडा डोंगरावर होतो, डोंगराशी होत नाही. आणि आपण प्रेक्षकांनी तर चित्रपटातून गाणी तेवढी घेतली. महानोरांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत, स्मिता पाटीलचा चेहरा, हिरवागार उतार. ठाकर म्हटलं की शहरी मराठी माणसाच्या मनात आजही तो पडदा उघडतो. इर्शाळवाडीनंतरच्या आठवड्यात माझ्या फोनवर आलेल्या एका श्रद्धांजलीच्या व्हिडिओला मागे याच चित्रपटातलं गाणं लावलेलं होतं. बनवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसणार. पण मला तो शेवटपर्यंत बघवला नाही.

कोणती आपत्ती साहित्यात येते आणि कोणती येत नाही, याचंही एक ठरलेलं गणित आहे. ‘२६ जुलै’ म्हटलं की मराठी वाचकाला काय आठवतं? २००५ ची मुंबई. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, बंद पडलेल्या लोकल, गळ्याएवढ्या पाण्यातून घरी चालत आलेली माणसं. त्यावर कथा झाल्या, ललित लेख झाले, दिवाळी अंकांचे विभाग झाले. पण त्याच पावसात महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर डोंगर आले आणि शंभराहून अधिक माणसं गाडली गेली. मुंबईत घरी चालत आलेल्या माणसाजवळ सांगायला गोष्ट होती आणि ती छापायला जागा होती. जुईच्या माणसाची गोष्ट मदतीच्या यादीत एक आकडा झाली. सोळा वर्षांनी त्याच तालुक्यात तळीये गेलं. एका दिवसात महाबळेश्वरला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला होता, आणि त्याच दोन दिवसांत साताऱ्यातलं आंबेघर, मिरगाव, रत्नागिरीतलं पोसरे अशी गावं एकामागून एक आली. बातम्यांनी ‘अभूतपूर्व’ हा शब्द वापरला. महाडला पूर्वी हे झालेलं होतं, त्यामुळे तो शब्द चूक होता. पण ज्याची गोष्ट कुणी लिहिली नाही ते पूर्वी झालेलं आठवणार कुठून?

मल्याळम सिनेमाचा उल्लेख इथे टाळता येत नाही. ‘मलयनकुंजू’ २२ जुलै २०२२ ला प्रदर्शित झाला, म्हणजे तळीयेला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी. हा योगायोग आहे, दुसरं काही नाही. सजिमोन प्रभाकर दिग्दर्शक, महेश नारायणन लेखक आणि छायाचित्रकारही, फहाद फासिल नायक. डोंगराळ भागात घरीच विजेची उपकरणं दुरुस्त करणारा एक तापट, जातीचा ताठा असलेला माणूस. बहीण खालच्या मानलेल्या जातीतल्या मुलाबरोबर गेली, बापानं जीव दिला, आणि त्याचा सगळा राग शेजारच्या घरावर निघतो. त्या घरातल्या तान्ह्या मुलीचं रडणं त्याला सहन होत नाही. मग एका रात्री डोंगर येतो, तो मातीखाली गाडला जातो, आणि त्या अंधारात त्याला त्याच बाळाचं रडणं ऐकू येतं.

मातीखालचा तो भाग मी श्वास रोखून पाहिला. चिखलाचा दाब, अंगुळअंगुळ सरकणं, कुठून तरी ऐकू येणारा आवाज. ‘क्षणात होत्याचं नव्हतं’ या वाक्यानंतरही माणूस कित्येक तास जिवंत असू शकतो आणि त्या तासांना लांबी असते, हे त्यातून कळतं. जातीचा प्रश्न डोंगराशी जोडण्याचं धाडसही मला महत्त्वाचं वाटतं. उताराच्या कोणत्या भागात कोण राहतं हा निसर्गाचा निर्णय नसतो. २००० मध्ये घाटकोपरच्या टेकडीखाली झोपडपट्टी गाडली गेली, २०२० मध्ये केरळातल्या पेट्टिमुडीला चहामळ्यातल्या मजुरांच्या चाळी गेल्या. तिथल्या माणसांनी ती जागा नकाशावर बोट ठेवून निवडली नव्हती.

माझा आक्षेप वेगळा आहे. या चित्रपटात उरुळ्पोट्टल हे नायकाला शिकवण्यासाठी येतं. तो गाडला जातो, ताठा मातीत जातो, बाळाला घेऊन तो वर येतो, म्हणजे जणू पुन्हा जन्मतो. माणूस बाहेर आला की चित्रपटाचं काम जवळपास झालेलं असतं. रूपक म्हणून हे घट्ट बसतं, पण ते फार सोयीचं आहे. त्या रात्री त्या उतारावर जे मेले ते एका माणसाला सुधारण्यासाठी मेले, असा हिशेब नकळत मांडला जातो. आपल्याकडे ‘निसर्गाचा कोप’ म्हणतात, तिथे निसर्गाचा धडा झाला. दोन्हीकडे डोंगराला मन दिलेलं आहे. हे लिहूनही मला कबूल केलं पाहिजे की हा सदोष चित्रपट ज्या अंतरावरून डोंगर दाखवतो, तितक्या जवळून तो दाखवणारं काही मराठीत असतं तर मी त्याचे दोष फार मोजत बसलो नसतो.

सरकारी कागदांना कोणी साहित्य म्हणत नाही, पण वाडीच्या नशिबात सगळ्यात जास्त फरक पाडणारा मजकूर तोच असतो. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं घटनेनंतर विधिमंडळात सांगितलं गेलं. हे वाक्य बहुतेकांनी खुलासा म्हणून ऐकलं. मला ते समीक्षेचं वाक्य वाटतं, आणि ज्या मजकुराची ती समीक्षा आहे तो मजकूर म्हणजे ती यादी. ‘दरडप्रवण’ हे विशेषण गावाला लावलं जातं, जणू गावाच्या स्वभावातच ते आहे, जसा एखादा माणूस तापट असतो. प्रवण असतो तो उतार. गाव त्याच्याखाली असतं. यादी गावांची केली की ज्याला महसुली गाव म्हणत नाहीत, ज्याला रस्ता नाही, अशी वाडी यादी करणाऱ्याच्या नजरेतून सुटणं सोपं होतं.

माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ गटानं २०११ मध्ये पश्चिम घाटाबद्दल दिलेला अहवाल दर दरडीनंतर आठवला जातो, तोही बहुतेक वेळा न वाचता. तो वाचला तर त्यातली नवी गोष्ट झोनच्या रंगांत नाही. डोंगराचं काय करायचं हे ठरवताना ग्रामसभेला विचारा, हे त्यात पुन्हापुन्हा येतं. म्हणजे भेग कुठे पडली, झरा कधी गढूळ झाला हे ज्याला आधी दिसतं, त्याला बोलू द्या. पण अहवाल इंग्रजीत होता, आणि ज्यांना तो विचारायला सांगत होता त्यांच्यापर्यंत बहुतेक ठिकाणी तो अफवा होऊन पोहोचला. पुढे कस्तुरीरंगन गटानं क्षेत्र कमी केलं आणि सगळी चर्चा किती गावं वगळली या आकड्यावर येऊन थांबली.

माळीणच्या भागात पडकई नावाची पद्धत आहे. एकमेकांच्या हातभारानं उतारावर बांध घालून भातखाचरं करायची, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. पुढे याच नावानं सरकारी योजना झाली आणि बांध घालायला यंत्रं आली. दुर्घटनेनंतर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणावर बोट ठेवलं गेलं, ते नाकारलंही गेलं आणि वाद कागदोपत्री विरला. खरं कारण किती पावसाचं आणि किती यंत्राचं, याचा निवाडा मी करू शकत नाही. पण एखादा शब्द हातातून काढून यंत्राला दिला की तो वरून तसाच दिसतो आणि आतून वेगळा होतो, हे कुठल्याही भाषेच्या अभ्यासकाला कळेल. माळीणचं पुनर्वसन आमडे इथे झालं आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये नवी घरं मिळाली. पहिल्याच पावसाळ्यात तिथले रस्ते खचल्याच्या आणि भेगा पडल्याच्या बातम्या आल्या. त्याही बातम्या लहान होत्या, आतल्या पानावर.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता मी मावळातल्या एका वाडीत गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण त्या यादीत ती आहे की नाही यावरून तिथे आधीच भांडणं चालू आहेत. गडावर गेलो नाही. एका घरी बसलो, चहा घेतला, आणि मागचा डोंगर बघू का असं विचारलं. घरातल्या मावशींना आधी कळेना की या माणसाला वर जायचं नाही तर बघायचंय काय. मग त्या स्वतःच मागच्या बाजूला घेऊन गेल्या. तिथे दगडांनी बांधलेला एक झरा होता आणि त्याच्याखाली हंडा लावलेला होता.

“डोंगर कधी हलल्यासारखा वाटतो का, मावशी?” मी विचारलं.

“डोंगराचं काय म्हाईत न्हाय, दादा,” त्या म्हणाल्या. “पर ह्या झऱ्याचं पानी औंदा गढूळ येतंय. सासूबाई होत्या तवापासनं मी हितंच भरते, कवा गढूळ आलं न्हवतं.”

मी वही काढली आणि तारीख घालून ते लिहून घेतलं. मग हे आणखी कुणाला सांगितलं का, असं विचारलं. तलाठ्याला सांगितलं होतं, त्या म्हणाल्या. त्यानं टाकी धुवून घ्यायला सांगितली.